सॅबर्ट राजाची नसलेली कबर

इंग्लंडमधल्या प्रिटलवेलची ती सोनं सापडलेली कबर सॅबर्ट राजाची, असं आजही कितीतरी संकेतस्थळांवर ठोकून दिलेलं असतं. पण ज्यांनी ती कबर खणली त्यांनीच २०१९ साली हे नाव बाजूला ठेवलं. कारण एका ओळीत सांगता येतं. कबर इ.स. ५७५ ते ६०५ या काळातली आहे आणि सॅबर्ट वारला ६१६च्या सुमारास. फरक कमीत कमी अकरा वर्षांचा. आता, चौदाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीत अकरा वर्षं इकडे की तिकडे हे कुणी छातीठोकपणे कसं सांगू शकतं? शाळेत आपण कार्बन-१४बद्दल जे शिकलो तेवढ्यावर तर हे अशक्यच वाटतं. आणि निव्वळ तेवढ्यावर ते खरोखरच अशक्य आहे.

आधी माणसं ओळखून घेऊ. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून उठली आणि पुढच्या दोनेक शतकांत उत्तर समुद्रापलीकडून आलेल्या अँग्ल, सॅक्सन वगैरे लोकांची छोटी छोटी राज्यं तिथे उभी राहिली. लंडनच्या ईशान्येचं राज्य पूर्व सॅक्सनांचं. आजच्या एसेक्स परगण्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. तिथल्या स्लेड राजाची राणी रिकुला ही केंटच्या एथेलबर्ट राजाची बहीण, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात वजनदार राजाशी सोयरीक. सॅबर्ट हा स्लेड आणि रिकुलाचा मुलगा, म्हणून एथेलबर्ट त्याचा मामा. मामी बर्था आजच्या फ्रान्सच्या भागातल्या फ्रँक राजघराण्यातली आणि जन्माने ख्रिस्ती होती. ५९७ साली रोमहून ऑगस्टीन हा धर्मप्रचारक केंटमध्ये उतरला, ६०४ साली मेलिटस हा पूर्व सॅक्सनांचा बिशप झाला, भाच्याने बाप्तिस्मा घेतला आणि मामाने लंडनमध्ये सेंट पॉलचं चर्च बांधून दिलं.

हे सगळं आपल्याला कळतं ते बीड नावाच्या संन्याशाकडून. (मराठवाड्यातल्या बीडशी त्याचा काही संबंध नाही.) त्याचा इतिहास पुरा झाला ७३१ साली, सॅबर्ट जाऊन शतक उलटल्यावर. सॅबर्टच्या मुलांचा एक मासलेवाईक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. बाप गेल्यावर तिघे मुलगे जुन्या देवांकडे परतले, पण चर्चमध्ये वाटला जाणारा पांढरा पाव मात्र त्यांना हवा होता. तुम्ही आमच्या बापाला, साबाला, तो द्यायचात, मग आम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल. बिशप म्हणाला, आधी बाप्तिस्मा घ्या. त्यांनी सांगितलं, त्या पाण्याची आम्हाला गरज नाही, पाव तेवढा द्या. शेवटी त्यांनी बिशपलाच राज्याबाहेर काढलं, आणि पुढे पश्चिम सॅक्सनांशी लढताना तिघेही मारले गेले.

या घराण्याची नावं ‘स’वरून ठेवायची रीत होती: स्लेड, सॅबर्ट, सॅक्सा, सॅवर्ड, सेबी, सिगबर्ट. इतर बहुतेक अँग्लो-सॅक्सन राजे आपलं मूळ वोडन देवापर्यंत नेत, हे मात्र सॅक्सनीट नावाच्या देवापर्यंत. यातला सॅक्सा लक्षात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

आता कबर. साउथएंड-ऑन-सी या किनाऱ्यावरच्या शहरात, एक रस्ता आणि रेल्वेमार्ग यांच्या बेचक्यात प्रिटलवेलची जागा आहे. रस्ता रुंद करण्याआधीचं नियमाप्रमाणे करायचं उत्खनन म्हणून २००३ साली तिथे खणलं गेलं. लागली ती सुमारे चार मीटर लांबरुंद आणि दीड मीटर खोल लाकडी खोली. लाकूड कुजलं होतं, पण वरची माती हळूहळू आत झिरपून खोली भरत गेल्यामुळे भिंतीवर खिळ्यांना टांगलेली भांडी जवळजवळ टांगल्या जागीच राहिली होती. तलवार, ढाल, भाला, घडीची लोखंडी बैठक, सोन्याचं कमरपट्ट्याचं बक्कल, निळ्या काचेचे पेले, पूर्व भूमध्य प्रदेशातून आलेली सेंट सर्जियसचं चित्र असलेली सुरई, एका तंतुवाद्याचे अवशेष. त्या वाद्याच्या धातूच्या जोडांत बसवलेले गार्नेट, म्हणजे आपला तामडा, हे बहुधा भारतीय उपखंडातले किंवा श्रीलंकेतले. शवपेटीत डोक्याच्या बाजूला सोन्याच्या पत्र्याचे दोन छोटे क्रूस सापडले, बहुधा डोळ्यांवर ठेवलेले. दोन सोन्याची नाणीही होती. वर्तमानपत्रांनी ‘किंग ऑफ ब्लिंग’ म्हणून बारसं केलं. आपल्या भाषेत, चमको राजा.

आणि राजा स्वतः? दातांच्या इनॅमलचे काही कण, बस. तिथली माती वाळूची आणि आम्लधर्मी आहे. हाडाचा खनिज भाग कॅल्शियम फॉस्फेटचा असतो आणि आम्लात तो विरघळतो. खनिजाचं कवच गेलं की आतलं कोलॅजेन हे प्रथिन जिवाणू खाऊन टाकतात. वाळूतून पाणी सतत झिरपत असल्यामुळे विरघळलेलं वाहून जातं आणि विरघळणं थांबतच नाही. इनॅमल टिकतं कारण ते ९६ टक्के खनिज असतं आणि त्याचे स्फटिक दाट असतात. पण याच कारणामुळे कालमापनाला ते फारसं कामाचं नसतं, त्यात सेंद्रिय भाग जेमतेम एक टक्का. याच कबरीत लाकूड, शिंग, कापड यांचे तुकडे मात्र जागोजागी राहिले होते, आणि ते नेमके धातूला चिकटून. तांब्याचे क्षार जिवाणूंना विष असतात, म्हणून तांब्याच्या पट्टीखालचं लाकूड कुजत नाही. लोखंडाचं काम वेगळं: गंज धाग्यांत शिरून त्यांची जागाच घेतो आणि कापडाचा हुबेहूब साचा उरतो. दिसायला दोन्ही ‘टिकलेलं कापड’. पण कार्बन पहिल्यात असतो, दुसऱ्यात नसतो. नमुना निवडताना इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत गंज मोजण्यात जाते.

नाव कसं चिकटलं ते उघड आहे. श्रीमंत कबर, एसेक्सची भूमी, ख्रिस्ती क्रूस. त्या काळातला एसेक्सचा माहीत असलेला ख्रिस्ती राजा एकच. बेरीज केली, सॅबर्ट आला. अशी बेरीज करणाऱ्याला एक गोष्ट सुचत नाही, ती म्हणजे ज्याचं नाव इतिहासात उरलं तोच माणूस कबरीतही उरला असेल असा काही नियम नाही.

आता मोजणीकडे येऊ. वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरणांमुळे न्यूट्रॉन सुटतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजन-१४च्या केंद्रकावर आदळला की एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि कार्बन-१४ तयार होतो. हवेतल्या साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे हा एखादा. गवत तो घेतं, गवत बैल खातो, बैलाच्या शिंगात तो जातो. बैल मेला की आवक बंद आणि ऱ्हास चालू. अर्धायुष्य ५,७३० वर्षं. याचा हिशेब केला तर १,४०० वर्षांनंतर मूळच्या ८४ टक्के कार्बन-१४ शिल्लक असतो. एका वर्षाला घट सुमारे ०.०१२ टक्के. अकरा वर्षांना ०.१३ टक्के. म्हणजे सॅबर्ट की सॅबर्टच्या आधीचा कुणी, हा वाद हजारात सव्वा भागाचा आहे.

पूर्वी ऱ्हासाचे ‘टिक-टिक’ मोजत. ताज्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये मिनिटाला साधारण १३ ते १४ अणू फुटतात. कबरीतल्या शिंगातून किंवा लाकडातून हाती येतो एक मिलिग्रॅम कार्बन. त्यात मिनिटाला ०.०११ अणू फुटणार, म्हणजे दीड तासाला एक. मोजणीतली अनिश्चितता मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. पाव टक्का अचूकता हवी तर १,६०,००० मोजावे लागतात. त्या एका मिलिग्रॅमसमोर यंत्र लावून बसलं तर सव्वीस वर्षांहून जास्त काळ लागेल. पण त्याच मिलिग्रॅममध्ये कार्बन-१४चे न फुटलेले सुमारे ५ कोटी अणू हजर आहेत. मग फुटायची वाट कशाला बघायची? आहेत तेच मोजा. त्वरक वस्तुमानमापीची, म्हणजे अणूंना वेग देऊन वजनाप्रमाणे वेगळं करून मोजण्याची, सगळी कल्पना एवढीच.

करतात कसं ते बघण्यासारखं आहे. नमुना आधी सौम्य आम्लात, मग अल्कलीत, मग पुन्हा आम्लात धुतात. पहिल्या आम्लाने मातीतला चुना निघतो, अल्कलीने जमिनीतून शिरलेली ह्युमिक आम्लं निघतात, आणि अल्कलीने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो म्हणून शेवटी परत आम्ल. ही तिसरी पायरी गाळली तर आजचा कार्बन नमुन्यात राहतो. मग वाळवून, निर्वात बंद नळीत कॉपर ऑक्साइडबरोबर जाळतात. निघालेल्या कार्बन डायऑक्साइडला लोखंडाच्या भुकटीवर हायड्रोजनने क्षपण करून ग्रॅफाइट बनवतात. टाचणीच्या डोक्याएवढं ते ग्रॅफाइट एका धातूच्या बारीक वाटीत दाबतात आणि त्यावर सीझियमच्या आयनांचा मारा करतात. उडून येतात ते ऋणभारित कार्बन आयन.

इथे निसर्गाने एक मेहेरबानी केली आहे. कार्बन-१४चा खरा तोतया म्हणजे नायट्रोजन-१४. वजन जवळजवळ तेच, आणि हवेत तो ७८ टक्के. तो यंत्रात शिरला तर मोजणी बुडालीच. पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही, क्षणात इलेक्ट्रॉन टाकून देतो. ऋण आयनच घ्यायचे असं ठरवलं की तो दारातच गळतो. दुसरे तोतये म्हणजे रेणू: कार्बन-१३ अधिक एक हायड्रोजन, किंवा कार्बन-१२ अधिक दोन. यांचंही वस्तुमान १४. त्यांना मोठ्या विद्युतदाबाने वेग देऊन विरळ वायूतून किंवा अतिशय पातळ कार्बनच्या पापुद्र्यातून घुसवतात. इलेक्ट्रॉन सोलले जातात, रेणूंचे बंध तुटतात, तुकडे वेगळ्या वजनाचे होतात आणि चुंबक त्यांना वेगळ्या वाटेला वळवतं. उरतो तो कार्बन-१४, एकेक करून मोजलेला. सव्वीस वर्षांचं काम तासाभराच्या आसपास उरकतं.

घोटाळे होतात ते यंत्राच्या आधी. एक टक्का आजचा कार्बन मिसळला, समजा हाताळणाऱ्याच्या बोटांचा किंवा मुळांचा, तर चौदाशे वर्षं जुना नमुना साधारण १५ वर्षांनी तरुण दिसतो. आपला वाद अकरा वर्षांचा आहे, हे ध्यानात असू द्या. उलट दिशेची चूक त्याहून वाईट. वस्तू ठिसूळ असली की जतन करणारे तिला डिंकासारखं राळेचं द्रावण पाजतात. ती राळ पेट्रोलियमपासून केलेली, म्हणजे तिच्यात कार्बन-१४ शून्य. ती एक टक्का राहिली तरी नमुना ८० वर्षांनी म्हातारा होतो. म्हणून कालमापनाचा तुकडा राळ लावण्याआधी काढून ठेवायचा असतो. मोठ्या झाडाच्या गाभ्याचं लाकूडही फसवतं, कारण गाभा झाड तोडण्याच्या कितीतरी दशकं आधी ‘मेलेला’ असतो.

माणसाच्या हाडात आणखी एक भानगड असते, मासे. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे समुद्री जीव सरासरी ४०० वर्षांनी जुने भासतात. ज्याच्या शरीरातला दहावा हिस्सा कार्बन मासळीतून आला तो सुमारे ४० वर्षांनी म्हातारा मोजला जाईल. याच नात्यातलं एक उदाहरण आहे. एथेलबर्टचा मुलगा इडबाल्ड, म्हणजे सॅबर्टचा मामेभाऊ. त्याची मुलगी ईन्सविथ ही केंटमधल्या फोकस्टोनची संत. १८८५ साली तिथल्या चर्चच्या भिंतीत शिशाच्या पेटीत हाडं सापडली. २०२० साली जाहीर झालेल्या तपासणीत ती १७ ते २० वर्षांच्या तरुणीची आणि सातव्या शतकाच्या मध्यातली निघाली, तिच्याशी जुळणारी. फोकस्टोन समुद्रकाठी आहे. अशा ठिकाणी आहाराचा अंदाज कार्बन आणि नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांवरून (म्हणजे न फुटणाऱ्या, फक्त वजनाने वेगळ्या अणूंवरून) घेतल्याशिवाय आकडा वाचूच नये.

एवढं सांभाळूनही यंत्र देतं ते ‘कार्बन वर्षांत’. हवेतला कार्बन-१४ दरवर्षी सारखा नसतो. सूर्याचं आणि पृथ्वीचं चुंबकक्षेत्र बदललं की त्याची निर्मिती बदलते. म्हणून वय माहीत असलेल्या झाडांच्या वलयांत तो मोजून एक वक्ररेषा काढली आहे, आणि आपला आकडा त्या रेषेवर ठेवून खरं वर्ष वाचायचं. रेषा सरळ उतरत असती तर प्रश्न नव्हता. ती नागमोडी आहे. जिथे ती सपाट होते तिथे शंभर वर्षांतल्या सगळ्या वस्तू एकाच वयाच्या दिसतात आणि जगातलं कुठलंही यंत्र त्या वेगळ्या करू शकत नाही. जिथे ती तीव्र उतरते, समजा एका खऱ्या वर्षाला दोन कार्बन वर्षं, तिथे २० वर्षांची अनिश्चितता दहावर येते. पाचव्या शतकात आणि सहाव्याच्या सुरुवातीला असंच एक पठार आहे. आपली कबर त्या पठारावरून खाली उतरल्यावरची. हे नशीब म्हणायचं, कसब नव्हे. आपल्याकडच्या इनामगाव, दायमाबादच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचे काळही याच रेषेवर वाचले जातात आणि तिथेही हीच डोकेदुखी असते.

तरी एका मोजणीने तीस वर्षांची खिडकी मिळत नाही. ती मिळते पुरावे एकमेकांवर ठेवून. घरातला जुना फोटो कधीचा हे आपण कसं ठरवतो? आजी नऊवारीत, म्हणजे फारसं काही ठरत नाही. भिंतीवर ट्यूबलाइट, म्हणजे गावात वीज आल्यानंतर. काकू कडेवर घेऊन उभी आहे ते मूल १९६१ला जन्मलं आणि अजून चालत नाही. झालं, वर्ष मिळालं. संभाव्यतेच्या गणितातल्या बेजच्या सूत्राने हेच आकड्यांत करतात: प्रत्येक मोजणीची शक्यता-रेषा घ्यायची, आणि ‘हे त्याच्या नंतरचंच’, ‘हे दोन्ही एकाच वेळी पुरलेले’ अशा अटींनी तिला छाटत जायचं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहाव्या-सातव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या कबरींचं हे काम झालं. कुठली बकलं, कुठले भाले, कुठले मणी एकत्र येतात यावरून आधी क्रम लावला (फडताळातलं पितळ, हिंडालियम, स्टील बघून घराचा काळ सांगावा तसा) आणि त्या क्रमाला हाडांच्या कार्बन मोजण्यांनी वर्षं दिली. प्रिटलवेलची कबर बसते ती अशा चौकटीत.

नाण्यांचा उपयोग किती? नाणं फक्त ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतं. ही फ्रँक राज्यातली सोन्याची छोटी नाणी, प्रत्येक जेमतेम १.३ ग्रॅमचं. काळ पुढे गेला तसं त्यांतलं सोनं घटत गेलं आणि चांदी वाढत गेली, त्यामुळे कसावरून काळाचा अंदाज येतो. कस काढायचा तो आर्किमिडीजच्या युक्तीने: हवेत वजन, पाण्यात वजन. शुद्ध सोन्याचं १.३ ग्रॅमचं नाणं पाण्यात ६७ मिलिग्रॅमनी हलकं होतं, ९० टक्क्यांचं ७३ने. सगळा खेळ सहा मिलिग्रॅमचा. नक्षीत एक घन मिलिमीटरचा हवेचा बुडबुडा अडकला तर कस जवळजवळ दोन टक्क्यांनी कमी दिसतो. इंग्लंडमधल्याच सटन हूच्या प्रसिद्ध जहाजकबरीतली ३७ नाणी एकेकाळी सातव्या शतकाच्या मध्यातली मानत. कस नीट तपासल्यावर ती काही दशकं मागे सरकली आणि कबरीच्या मालकाचा अंदाजही बदलला.

मोजमापाचं निघालंच आहे तर याच घराण्यातला सेबी राजा. राज्य सोडून तो संन्यासी झाला. ६९४च्या सुमारास वारला तेव्हा दगडी शवपेटी वीतभर तोकडी पडली, असं बीड लिहितो. दगड छिलून दोन बोटं वाढवली, तरी पुरेना. मग सगळ्यांदेखत चमत्कार झाला आणि पेटीत चार बोटं जागा उरली. आधीची मापं इतक्या काटेकोरपणे दिलेली असली की वाचणाऱ्याला चमत्कारही मोजलेलाच वाटतो. आज ‘कार्बन डेटिंगने सिद्ध’ अशी पाटी लावून अमुक युद्ध अमुक तारखेला झालं असं सांगणाऱ्या चित्रफिती फिरतात, त्यांचं तंत्र हेच आहे. ज्या आकड्यापुढे अधिक-उणे नाही तो आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. प्रिटलवेलच्या तीस वर्षांनाही शक्यतेची टक्केवारी जोडलेली आहे.

आता मागे फिरून बघा. कबर ६०५च्या आतली असेल तर सॅबर्ट बाद, आणि ६५०नंतर धर्मांतर केलेला त्याच्या घराण्यातला सिगबर्ट तर केव्हाच बाद. मग क्रूस कुठून आले? ६०४चा बिशप येण्याआधीच ख्रिस्ती खुणा एसेक्सच्या दरबारात पोचल्या होत्या असं दिसतं, आणि वाट शोधायला लांब जायला नको: रिकुला, तिचा भाऊ, आणि भावाची फ्रँक बायको. कबरीत अंगठी नाही, शिलालेख नाही. म्हणून आज जे नाव सुचवतात ते सॅबर्टच्या भावाचं, आणि तेही अंदाज म्हणूनच. भाऊ राजा झाला होता असं कुठेही म्हटलेलं नाही. पण नवव्या शतकातल्या एका फाटक्या वंशावळीत आठव्या शतकातला एसेक्सचा राजा सेलरेड याची पिढ्यान् पिढ्या मागे जाणारी साखळी त्याच्यापाशी येऊन थांबते. तिथे त्याच्याबद्दल दोनच शब्द आहेत: ‘सॅक्सा स्लेडिंग’. सॅक्सा, स्लेडचा मुलगा.